नळापासून ओठापर्यंत

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, धडधाकट माणसे एकाएकी लुळी पडू लागली. आधी पायांना मुंग्या, मग जिना चढवेना, मग हातातला कप धरवेना. काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. गुलेन बॅरी सिंड्रोम हे नाव तोवर मेंदूविकारतज्ज्ञांपुरतेच होते. आठवडाभरात त्याचे ‘जीबीएस’ झाले आणि ते भाजीच्या गाडीपाशीही ऐकू येऊ लागले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. लोक एकमेकांना विचारत होते, हे लागण होऊन पसरते का, मास्क लावायचा का, चिकन खायचे की नाही.

जीबीएस एकाचा दुसऱ्याला होत नाही. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत सापडले ते कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस. दोघेही पोट बिघडवणारे, दूषित पाण्यातून आणि अन्नातून येणारे. कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे जिवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडे थोड्या लोकांमध्ये स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे झालेले असतात, माणूस कामावर रुजूही झालेला असतो, आणि मग पाय दगा देतात. बातमी लुळेपणाची होती, मामला पाण्याचा होता.

पोटाच्या साथींचे हे नेहमीचेच आहे. गावात दोन माणसे दगावली की पेपरात चौकट येते. त्याआधी पंधरा दिवस घरोघरी जुलाब-उलट्या चालू असतात, पण ‘काहीतरी बाधलं असेल’ म्हणून कोणी मनावर घेत नाही. करोनाने आपल्याला मास्क आणि सॅनिटायझर शिकवले. पावसाळ्यातल्या गॅस्ट्रोला या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. गॅस्ट्रोची वाट एकच, कुणाच्या तरी विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात. वाचायला किळसवाणे वाटते खरे, पण हे एकदा डोक्यात बसले की घरात काय करायचे ते सांगावे लागत नाही.

पाणी शुद्ध करून देणे हे महापालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे काम आहे. त्यात कसूर झाली तर त्यांना धारेवर धरलेच पाहिजे. पण शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आणि आपल्या पोटात जाणारे पाणी यांच्यामध्ये बरेच काही घडते, आणि त्यातला शेवटचा टप्पा आपल्या घरातला असतो. माझ्या मते घरच्या घरी सुरक्षित राहण्याचा सगळा विषय या टप्प्यात सामावलेला आहे.

आधी नळाबद्दल. आपल्याकडे बहुतेक गावांत आणि शहरांत पाणी ठरावीक वेळेला येते. पाणी चालू असते तेव्हा जलवाहिनीत दाब असतो. कुठे जोड ढिला असला तर पाणी बाहेर गळते, आतले बिघडत नाही. पाणी बंद झाले की दाब जातो आणि उलटा प्रकार सुरू होतो. शेजारून गटार किंवा ड्रेनेजची लाइन जात असेल तर भोवतालचे घाण पाणी त्याच ढिल्या जोडातून आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळ आला की ते सगळे आधी आपल्या हंड्यात. हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास आणि काहींना ठरावीक वेळ पाणी मिळे, तेव्हा संशोधकांनी दोन्हींची तुलना केली होती. ठरावीक वेळेच्या पाण्यात दूषितपणा जास्त आढळला, आणि नळ आल्याबरोबरचे पाणी विशेष वाईट निघाले. तेव्हा साथ चालू असताना नळाची पहिली काही मिनिटे संडास-बाथरूमच्या बादल्या भराव्यात, पिण्याचा हंडा नंतर लावावा. गढूळ किंवा वासाचे पाणी आले तर ते ‘थोड्या वेळाने निवळेल’ म्हणून भरून ठेवू नये.

यात आपणच आणखी एक भर घातली आहे, नळाला लावलेली मोटार. पाणी कमी दाबाने येते म्हणून गल्लीतला एक जण थेट लाइनला पंप जोडतो, मग दुसरा, मग सगळेच. पंप लाइनीतले पाणी ओढतो तसे फुटक्या जोडाबाहेरचेही ओढतो. मोटार लावणाऱ्याची टाकी लवकर भरते, पण सगळ्या गल्लीचे पाणी नासण्याची सोय होते. यावर सोसायटीच्या बैठकीत बोलणारा माणूस वाईट ठरतो. तरी त्याने बोलावे.

सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीबद्दल वेगळे काय सांगायचे! ड्रेनेजच्या चेंबरला खेटून बांधलेली, झाकण तुटलेले, त्यावर कुणाची तरी स्कूटर लावलेली. टाकी शेवटची कधी धुतली, ही तारीख टाकीवरच रंगवून ठेवली तर निम्मे काम होते.

आता स्वयंपाकघरात या. १९८०च्या दशकात कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये कॉलऱ्यावर एक साधा प्रयोग झाला. ज्या घरांत कॉलऱ्याचा रुग्ण होता, त्यांतल्या काहींना पाणी साठवायला अरुंद गळ्याची मातीची सुरई दिली. काहींच्या पाण्यात क्लोरीन टाकले. बाकीची घरे आपापल्या नेहमीच्या भांड्यांतून पाणी घेत राहिली. सुरई मिळालेल्या घरांत इतरांना होणारा संसर्ग नेहमीच्या घरांच्या मानाने सुमारे तीन चतुर्थांशांनी कमी झाला. क्लोरीननेही फरक पडला, पण सुरईइतका नाही. सुरईत कसलेही औषध नव्हते. तिचा गळा अरुंद होता, त्यामुळे आत हात जात नव्हता, एवढीच तिची करामत.

आपला माठ बघा. तोंड रुंद, वर ताटली, ताटलीवर पेला. तहान लागली की ताटली सरकवायची, पेला बुडवायचा. पेला बुडताना त्याला धरलेली चार बोटेही पाण्यात बुडतात. त्यातला एखादा हात नुकताच बाळाचे दुपटे बदलून आलेला असतो. सकाळी उकळून, गाळून, गार करून भरलेले पाणी दुपारपर्यंत असे पुन्हा पहिल्यासारखे होते, आणि घरचे म्हणतात, आम्ही तर उकळूनच पितो. जुन्या घरांत माठाशेजारी लांब दांड्याचे ओगराळे टांगलेले असे. त्याने पाणी पेल्यात ओतून घ्यायचे, पेला माठात घालायचा नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या कटकटीतून आलेली रीत असेल, पण आरोग्याच्या हिशोबात ती चोख होती. आता तोटीचा माठ किंवा तोटीची स्टीलची टाकी सहज मिळते. गॅस्ट्रोच्या दिवसांत पाणी शुद्ध करण्याच्या महागड्या यंत्रापेक्षा आधी ही तोटी घ्या, असे मी म्हणेन. यंत्रातून निघालेले पाणीसुद्धा शेवटी उघड्या कळशीत भरले जाणार असेल तर यंत्राचे पैसे वायाच.

पाणी फडक्याने गाळण्याला शिकले-सवरलेले लोक हसतात. हसू नये. बांगलादेशात मतलब भागातल्या ६५ गावांत रीटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या करून त्यातून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. कॉलऱ्याचा जिवाणू कापडाच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतो, मग तो अडकतो कसा? तळ्या-नद्यांच्या पाण्यात तो सूक्ष्म प्राण्यांच्या अंगाला चिकटून राहतो, आणि हे प्राणी फडक्यात अडकतात. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन सूत पिंजलेले असते आणि छिद्रे बारीक झालेली असतात. आपल्याकडे मात्र नळाच्या तोंडाला बांधलेले फडके एकपदरी असते आणि महिनोन्महिने तेच असते, हिरवे-काळे, बुळबुळीत. ते गाळत तर काही नाहीच, उलट पाण्याला स्वतःचे काहीतरी देते. फडके लावायचे तर चारपदरी, आणि रोज धुऊन उन्हात वाळवलेले. गाळून मोकळे पोहणारे जिवाणू आणि विषाणू जात नाहीत, तेव्हा साथीत गाळल्यावर पुढची पायरी हवीच.

ही पुढची पायरी म्हणजे उकळणे. इथे एक गैरसमज गॅस जाळतो. ‘पाणी वीस मिनिटे उकळा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. जुलाबाचे जिवाणू आणि विषाणू त्याआधीच मेलेले असतात. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे उकळायला सांगतात. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावर चूल मांडली तरी एक मिनिटच. वीस मिनिटांच्या सल्ल्याने उलट नुकसान होते. ज्या घरात सिलिंडर महिना काढायला पुरवून पुरवून वापरतात, तिथली बाई हे परवडत नाही म्हणून उकळणेच सोडून देते. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्यावे. गार करायला या भांड्यातून त्या भांड्यात ओतले की पुन्हा तेच.

उकळणे जमत नसेल तर क्लोरीन. गावात ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकते आणि मग पाण्याला वास येतो म्हणून बायाबापड्या तक्रार करतात. काही जण तर तेवढ्यासाठी पावडर न टाकलेल्या आडाचे पाणी आणतात. साथीच्या दिवसांत हा वास म्हणजे शुभवर्तमान समजावे. पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक आहे, वाटेत एखादा जंतू शिरला तर त्याला मारायला कोणीतरी जागे आहे, असा त्याचा अर्थ. आरोग्य कर्मचारी ओटी टेस्ट करतात ती हे पाहायलाच. नमुन्यात थेंब टाकले की पाणी पिवळे व्हायला हवे. पावडरचे पोते ओलसर खोलीत उघडे पडले असेल तर त्यातला क्लोरीन उडून जातो. मग कितीही फावडी टाकली तरी पाणी पिवळे होत नाही. गावात साथ आली की आपल्या पंचायतीत हे पोते कुठे ठेवले आहे, हे एकदा बघून यायला हरकत नाही. घरासाठी क्लोरीनचे थेंब आणि गोळ्या मिळतात. लेबलावर लिहिले असेल तेवढ्याच टाकाव्यात आणि अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशीच झगडत संपतो, म्हणून आधी पाणी निवळून, गाळून घ्यावे. तुरटीचे काम इथे. ती गाळ खाली बसवते, जंतू मारण्याची हमी देत नाही.

तांब्याच्या हंड्याबद्दल हमखास विचारतात. जुलाबाचे जिवाणू तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवले तर मरतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण घरातला हंडा रात्रभर न उपसता कोण ठेवतो? सकाळी सहाला भरला, आठला रिकामा. हंडा हौसेने ठेवा, साथीत त्याच्यावर विसंबू नका. पारदर्शक बाटली सहा तास कडक उन्हात ठेवण्याचीही एक पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण आपल्याकडे गॅस्ट्रो येतो तो आषाढ-श्रावणात, तेव्हा ऊन कुठून आणणार?

एवढे सगळे करूनही घरात कुणाला तरी जुलाब लागतातच. इथून पुढे प्रश्न बदलतो. आता जंतू कोणता हे महत्त्वाचे राहत नाही. शरीरातले पाणी किती वेगाने चालले आहे आणि आपण ते किती वेगाने परत घालतो, एवढाच हिशोब.

आपल्या लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पातळ द्रव येतो. जेवणातला, पाण्यातला, आणि बराचसा शरीराने स्वतःच सोडलेला. आतडे तो जवळजवळ सगळा परत शोषून घेते आणि विष्ठेतून जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडते. कॉलऱ्याचा जिवाणू आतड्याला जखम करत नाही. त्याचे विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर फेकत राहायला लावते. हे विष वेगळे असते, हे १९५९ साली शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले. कॉलरा जोरात असेल तर मोठा माणूस तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो, शौच तांदळाच्या धुवणासारखे होते. सकाळी हिंडणारा माणूस संध्याकाळी ओळखू येत नाही, डोळे खोल, गाल बसलेले, बोटांचे पेर सुरकुतलेले. जुन्या काळी पटकी म्हणत तीच ही. गावोगाव मरीआईचा गाडा काढून वेशीबाहेर नेऊन सोडत, ते तिच्याच धास्तीने.

पण या विषाच्या तावडीतून आतड्याची एक वाट सुटते. साखरेचा आणि मिठाचा कण जोडीने आला तर आतडे दोघांनाही आत घेते आणि त्यांच्यामागे पाणीही आत येते. ही वाट कॉलऱ्यातही चालू असते. रॉबर्ट क्रेन यांनी ती कल्पना १९६०मध्ये मांडली होती. तिचे सोने झाले १९७१ साली पश्चिम बंगालमध्ये, सीमेजवळच्या बनगावात.

बांगलादेशच्या मुक्तियुद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात कॉलरा पसरला होता. बनगावच्या इस्पितळात दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर पडलेले, उलट्या आणि जुलाबाच्या थारोळ्यात. त्यांच्यापर्यंत पोचायचे तर डॉक्टरांना त्यातच गुडघे टेकावे लागत. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून घेतले. पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवली. ते पाणी पिंपांत कालवून त्यांनी नातेवाइकांच्या हवाली केले आणि ‘पाजत राहा’ एवढेच सांगितले. पाजणारे कोण, तर आया, भाऊ, मुले. इतरत्र शंभरातले तीसएक रुग्ण दगावत होते. त्यांच्या छावणीत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून त्यांनी या पाण्याला ‘तोंडी सलाईन’ म्हटले, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पन्नास वर्षांनंतरही आपल्याकडे जुलाबाचा रुग्ण दवाखान्यात शिरतो तो ‘डॉक्टर, एक सलाईन लावा’ म्हणतच. शुद्धीवर असलेल्या, पिऊ शकणाऱ्या बहुतेक रुग्णांना तेच सलाईन घरी पेल्यातून मिळू शकते. महालनबीस २०२२मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

या तोंडी सलाईनचे, म्हणजेच ओआरएसचे, आजचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेले आहे. एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट, मिळून २०.५ ग्रॅम. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पाकिटात ते मोजलेलेच असतात. गडबड होते ती पाण्याच्या मापात. मोठे पाकीट एक लिटरचे असते, लहान २०० मिलिलिटरचे. घरोघरी मोठे पाकीट फोडून पेलाभर पाण्यात दोन चमचे टाकतात, उरलेले पिन मारून फळीवर ठेवतात. किंवा सगळे पाकीट एका तांब्यात ओततात, कडक व्हावे म्हणून. कडक ओआरएस घात करते. आतड्यात साखर-मीठ जास्त झाले की ते शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. लिटरचे माप घरी नसेल तर बाजारातल्या पाण्याची एक लिटरची बाटली असते, तिच्याइतके बिनचूक माप दुसरे नाही. बाटली धुऊन उकळून गार केलेल्या पाण्याने भरावी. ते पाणी स्वच्छ पातेल्यात ओतावे, अख्खे पाकीट त्यात टाकावे, ढवळावे, चव घेऊन पाहावी. अश्रूंपेक्षा खारट लागत असेल तर काहीतरी चुकले आहे, टाकून द्या. कालवल्यावर पुन्हा उकळायचे नाही, दूध-सरबत मिसळायचे नाही, चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. ‘सपाट’ या शब्दावर जोर. मिठाचा शिगोशीग चमचा लहान मुलाला घातक ठरू शकतो. बांगलादेशात १९८०च्या दशकात ब्रॅक संस्थेच्या बायका सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ अर्धा शेर पाण्यात कसा कालवायचा ते शिकवत होत्या. आईने ते किती नीट लक्षात ठेवले आणि करून दाखवले, हे मागाहून तपासून त्यावर शिकवणारीचा मेहनताना ठरे. अशी योजना आखणाऱ्याला दाद द्यावी तेवढी थोडी.

दुकानात ओआरएस मागताना मात्र डोळे उघडे ठेवा. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेये वर्षानुवर्षे या नावाने खपली. त्यांत साखर प्रमाणापेक्षा कित्येक पट जास्त आणि क्षार कमी. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण लिहिले आहे ना, हे वाचूनच घ्यावे. थंड पेये, ग्लुकोजची पावडर, पॅकबंद रस यांपैकी काहीही ओआरएसच्या जागी चालत नाही.

पाजणे हे खरे कसब. उलटी होणाऱ्या मुलाला पेला तोंडाला लावला की सगळे बाहेर येते आणि ‘त्याच्या पोटात काही ठरतच नाही’ म्हणून आई घाबरते. चमच्याने द्यायचे, एक-दोन मिनिटांना एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. रात्रभर असे बसायला दोन माणसे लागतात, आधी आई आणि मग आजी किंवा बाबा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना मागतील तेवढे. अंगावरचे दूध क्षणभरही बंद करायचे नाही. जेवणही बंद करायचे नाही. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवण्याची पद्धत मुलांना कुपोषणात ढकलते. मऊ भात, वरणाचे पाणी, पेज, ताक-भात, केळे, रोजचे सगळे थोडे थोडे. सोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. आशाताईंकडे ओआरएस आणि जस्ताच्या गोळ्या फुकट मिळतात. मेडिकलवाल्याकडून मुलाला जुलाब बांधणारी गोळी मात्र आणू नये, आणि अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय नाही.

घरी थांबायचे कधीपर्यंत? मूल गळून गेले, उठवून उठत नाही, प्यायला देऊनही पीत नाही किंवा प्यालेले सगळे उलटते, शौचात रक्त आहे, सहा तास लघवी झालेली नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश पूर्ववत होते, यातले एक जरी दिसले तरी रिक्षा बोलवा. वाटेतही चमचा चालू ठेवा. म्हाताऱ्या माणसांत कातडीची परीक्षा फसवी असते, तिथे तोंडाचा कोरडेपणा, चक्कर आणि बरळणे पाहावे. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळांच्या आईबापांनी पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा. जुलाब बरे झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या आणि अशक्तपणा आला, तर थकवा समजून झोपून राहू नये. पुण्याच्या त्या जानेवारीने एवढे शिकवले आहे.

घरातल्या बाकीच्यांसाठी साबण. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर धड चालत नाही. संडासातून आल्यावर, बाळाचे धुतल्यावर, स्वयंपाकाला आणि भरवायला बसण्याआधी नखांसकट हात धुवायचे. बाळाची शी निरुपद्रवी असते ही समजूत चुकीची आहे. ती न्हाणीच्या मोरीत धुवायची नाही, संडासात टाकायची. जमिनीवर उलटी किंवा जुलाब सांडले तर आधी कागदाने उचलून, मग ब्लीचने पुसावे. पाच टक्क्यांचे घरगुती ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटे राहू द्यायचे. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जीवावर बेततो. कच्चे चिकन नळाखाली धुवायचे नाही, शिंतोडे ओट्यावरच्या कोशिंबिरीवर उडतात. चिकन आतपर्यंत नीट शिजवले की कॅम्पिलोबॅक्टर मरतो. जानेवारीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेवढेच होते.

शेजारच्या दोन घरांत एकाच आठवड्यात जुलाब झाले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वॉर्डाच्या आरोग्य कार्यालयाला कळवावे. कुठली लाइन फुटली ते नकाशावर रुग्णांचे ठिपके पडल्यावरच कळते, आणि आपले ठिपके आपण लपवले तर शोध लांबतो. बरे वाटू लागल्यावरही शौचातून जंतू पडत राहतात, नोरोव्हायरस तर दोन आठवडे किंवा त्याहून जास्त. म्हणून जुलाब थांबल्यावर निदान दोन दिवस त्या माणसाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये. आपल्या घरात असा माणूस बहुधा डबे भरणारी बाईच असते. तेव्हा या दोन दिवसांत डबे कोण भरणार, हे घरातल्या पुरुषांनी आजच ठरवून ठेवावे.